आपली सायंसंध्या आणि मुंबईचे पंचांग

तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावावा, तुळशीवृंदावनात पणती ठेवावी आणि मुलांनी हात जोडून शुभंकरोति म्हणावे, हा परिपाठ आपल्या सभासद कुटुंबांत अद्याप चालू आहे. परंतु ही तिन्हीसांज नेमकी केव्हा होते असे विचारल्यास पुष्कळ घरांत बोट भिंतीवरील दिनदर्शिकेकडे जाते. ती बहुधा मुंबईत छापलेली असते, आणि तीतील सूर्यास्त मुंबईचा असतो. येथेच आपली गफलत होते. तिचाच थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

पृथ्वीस एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात. मुंबई सुमारे ७२ अंश ५० कला पूर्व रेखांशावर आहे, तर आदिलाबाद सुमारे ७८ अंश ३२ कलांवर. या अंतरामुळे सूर्य आपल्याकडे मुंबईच्या सुमारे २३ मिनिटे आधी उगवतो व तितकाच आधी मावळतो. सूर्यास्ताचा हा फरक हिवाळ्यात एखादे मिनिट वाढतो, उन्हाळ्यात एखादे मिनिट घटतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच, कारण ते साडेब्याऐंशी अंश रेखांशाच्या हिशेबाने लाविलेले असते. (खुद्द मुंबईने त्याहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती; तेव्हा आपल्या सूर्याचा अभिमान केवळ आपल्यालाच आहे असे नव्हे!)

तेवीस मिनिटे म्हणजे जवळजवळ एक घटका. कारण घटका चोवीस मिनिटांची, आणि अहोरात्रात अशा साठ घटका. सायंसंध्येचा काळ सूर्यास्तानंतर तीन घटका, म्हणजे ७२ मिनिटे, असे आपले शास्त्रकार सांगतात. आता आधुनिक ज्योतिर्विद काय म्हणतात ते पाहावे. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत दिव्यावाचून कामे करता येतील इतपत उजेड राहतो, आणि अठरा अंश खाली गेला म्हणजे संधिप्रकाश पूर्ण संपून रात्र होते. आपल्या अक्षांशावर पहिल्या पायरीस विषुवदिनाच्या सुमारास २२ मिनिटे लागतात, दुसरीस सुमारे ७३. उन्हाळ्यात ही दुसरी मर्यादा ८४ मिनिटांपर्यंत लांबते. यंत्रावाचून, उघड्या डोळ्यांनी ठरविलेल्या तीन घटका त्या ७३ मिनिटांशी किती जुळतात, हे पाहून आम्हांस तरी मोठा आनंद वाटला. हे माप सर्व पृथ्वीवर मात्र लागू पडत नाही. लंडनसारख्या उत्तरेकडील नगरीत जूनमध्ये सूर्य अठरा अंश खाली जातच नाही, आणि तेथे रात्रभर पूर्ण काळोख होत नाही.

शास्त्रकारांनी सायंसंध्येच्या तीन प्रती सांगितल्या आहेत. सूर्य दिसत असता केलेली उत्तम, सूर्य लोपल्यावर केलेली मध्यम, आणि तारका उगवल्यावर केलेली कनिष्ठ. यात घड्याळाचे नावही नाही. जे सांगितले ते सारे डोळ्यांनी पाहावयाचे. मुंबईची वेळ पाहून आपण येथे संध्येस बसलो, तर उत्तम प्रत केव्हाच निघून गेलेली असते आणि मध्यमही सरत आलेली असते.

देव काय घड्याळ पाहतो, असे कोणी म्हणेल. देव पाहत नाही हे खरे, पण आपणच घड्याळ पाहून चुकतो आहोत. पुष्कळ मंदिरांत सांजआरती बारा महिने सात वाजता ठरलेली असते. आदिलाबादेस नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सूर्य ५ वाजून ३६ मिनिटांच्या सुमारास मावळतो, आणि सात वाजण्यापूर्वीच संधिप्रकाशाचा शेवटचा अंश नाहीसा झालेला असतो. जुलैच्या प्रारंभी मात्र सातला जेमतेम सूर्यास्त झालेला असतो. एकच आरती, एकच घंटा. एका ऋतूत ती संध्येची, दुसऱ्यात रात्रीची. नोकरदारांची सोय पाहणे प्राप्त आहे हे आम्ही जाणतो. निदान कार्तिक ते पौष एवढे तीन महिने आरती अर्धा तास अलीकडे घेता आली तर पाहावे, एवढेच आमचे म्हणणे.

प्रदोषपूजा आणि गोरज मुहूर्तावरील विवाह यांसही हाच न्याय, कारण दोन्ही स्थानिक सूर्यास्तावर अवलंबून आहेत. तिथीचा प्रश्न याहून नाजूक आहे. तिथी संपण्याचा क्षण सर्व देशात एकच. परंतु ती सूर्योदयास होती की नव्हती हे गावागणिक बदलते. आपला सूर्योदय झाल्यावर आणि मुंबईचा होण्यापूर्वी, त्या वीस-बावीस मिनिटांत, एखादी तिथी संपली तर आपल्याकडे त्या दिवशी तीच उदयतिथी राहते, आणि मुंबईस पुढची धरली जाते. असे क्वचित घडते, पण घडते. आणि मग शेजारच्या तेलुगू घरातील व आपल्या घरातील व्रताचा दिवस वेगळा पडून उगाच वाद होतो.

उपाय सोपा आहे. नागपूरच्या वेळा मिळाल्यास त्या वापराव्यात; तेथील सूर्य आपल्याहून दोनच मिनिटे पुढे आहे. हैदराबादचा रेखांश जवळपास आपलाच. पण ते दक्षिणेस असल्याने जूनमध्ये तेथील सूर्यास्त आपल्याआधी चार-पाच मिनिटे होतो, डिसेंबरात तितकाच नंतर. मुंबईचेच पंचांग घरी असेल तर सूर्यास्तातून २३ मिनिटे वजा करावीत.

त्याहून चांगले म्हणजे मुलांना घेऊन गच्चीवर जावे. सूर्यबिंब क्षितिजास टेकल्यापासून सव्वादोन मिनिटांत बुडते. आपणांस टेकलेले दिसते तेव्हा ते खरे पाहता खाली गेलेलेच असते. हवेतून वाकून येणारे किरण ते वर उचलून दाखवितात. नंतर सारे पश्चिमेकडे पाहत राहतात. मुलांना मात्र पूर्वेकडे वळवावे. पाऊस सरल्यानंतरच्या स्वच्छ आकाशात तेथे क्षितिजालगत निळसर करडा पट्टा व त्यावर गुलाबी झाक दिसते. तो पट्टा म्हणजे आपल्या पृथ्वीचीच छाया. ती वर चढत जाऊन आकाशाच्या काळोखात मिसळेपर्यंत थांबावे, आणि पहिली तारका दिसण्यापूर्वी खाली येऊन दिवा लावावा.