उद्याच ईसीजी काढून घे गं

मने, परवा फोनवर बोलता बोलता म्हणालीस, "जिना चढला की धाप लागते, जबडा नि पाठ भरून येते. ॲसिडिटीच असेल गं." सासूबाईंचं आजारपण, मुलाची दहावी, ऑफिसातली कटकट, तेही त्याच दमात सांगितलंस. मला तेव्हापासून चैन नाही.

छातीत कळ आली नि घाम फुटला, तरच हार्ट अटॅक, असं आपल्या डोक्यात बसलंय. बायकांच्याही छातीत दुखतंच, पण धाप, मळमळ, जबडा-पाठ दुखणं, गळून जाणं हे त्यांच्यात पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. मग आपण गोळी चघळतो आणि पोळ्या लाटायला उभ्या राहतो.

आणि टेन्शनचं म्हणशील, तर ते नुसतं मनात राहत नाही. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात व्हायोला व्हॅकारिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयरोग्यांना चारचौघांत भाषण करायला लावलं आणि तेव्हाचा हृदयाचा रक्तपुरवठा तपासला. पुरुषांमध्ये तो कमी पडण्याचा संबंध मुख्यतः वाढलेल्या बीपीशी आणि ठोक्यांशी दिसला, बायकांमध्ये बारीक रक्तवाहिन्या आकसण्याशी. या बारीक वाहिन्या नेहमीच्या ॲन्जिओग्राफीत दिसत नाहीत. म्हणून रिपोर्ट 'नॉर्मल' आला आणि दुखणं थांबलं नाही, तर "पुढे काय?" हे डॉक्टरांना विचारायचंच.

मोठा धक्का बसला की हृदयाचा डावा कप्पा टोकाशी फुग्यासारखा फुगतो, असाही आजार आहे, ताकोत्सुबो. जपानी डॉक्टरांनी 1990 मध्ये त्याची नोंद केली. दहातले जवळजवळ नऊ रुग्ण बायका, त्याही बहुतेक पाळी गेलेल्या. बहुतेकजणी काही आठवड्यांत सावरतात, पण सुरुवातीला जिवावर बेतू शकतं.

तू डॉक्टरांना सगळं सांग. झोप होत नाही, हेसुद्धा. आणि बाळंतपणात तुझं बीपी वाढलं होतं, ते आवर्जून सांग. त्यानं पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि कुणी ते आपणहून विचारतंच असं नाही. बीपी, साखर, कोलेस्टेरॉलही तपासून घे. सासूबाईंसाठीची रात्रीची जागरणं तुझ्या सुधीररावांनी वाटून घ्यायला हवीत. तुला बोलवत नसेल तर मी बोलते त्यांच्याशी.

आणि बसल्या जागी असं दुखायला लागलं, घाम फुटला, श्वास पुरेना, तर स्कूटर काढायची नाही. 108 लाव, शेजारच्या काकूंना हाक मार, दार उघडं ठेव.