पगारातून कापलेला कर सरकारात कसा पोचतो

इंदापूर तालुक्यातील कळस येथे काम करणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाच्या पगारातून आयकरापोटी दरमहा ५,००० रुपये कापले जातात, असे समजू. रक्कम हाती आली नाही, त्याअर्थी ती सरकारात गेली, असे तो शिक्षक धरून चालतो. ही समजूत अपुरी आहे. कर कापणे, तो भरणे आणि कोणाच्या नावे भरला ते कळविणे ही तीन निरनिराळी कामे होत. तिन्ही पुरी झाल्यावाचून शिक्षकाच्या नावावर एक पैही जमा दिसत नाही. कालव्याच्या मुखाशी पाणी सोडले म्हणजे ते टेलच्या चारीत पोचलेच असे नव्हे, हे नीरा डाव्या कालव्याच्या शेवटाकडील इंदापूरकरांस निराळे सांगावयास नको.

उत्पन्न देतानाच त्यातून कर कापून घेण्याच्या या पद्धतीस कचेरीत टीडीएस म्हणतात. १९६१ चा आयकर कायदा १ एप्रिल १९६२ रोजी अमलात आला आणि बरोबर एका महिन्याने, १ मे १९६२ रोजी, महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. तेव्हा या दोहोंची सोबत जुनी आहे. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. त्याने कलमांचे क्रमांक बदलले, तरी वरील तीन कामांचा क्रम तोच राहिला.

जिल्हा परिषद शिक्षकांची पगारबिले ‘शालार्थ’ प्रणालीतून तयार होतात. कर कापण्याची जबाबदारी पगार काढणाऱ्या, म्हणजे आहरण व संवितरण अधिकाऱ्याची असते, शाळेची नव्हे. कर कापणाऱ्या कचेरीस ‘टॅन’ नावाचा दहा स्थानांचा क्रमांक असतो. पुण्याकडील टॅनचा आरंभ पी, एन, ई या अक्षरांनी होतो. शिक्षकाचा स्वतःचा क्रमांक तो ‘पॅन’. कर टॅनवर भरला जातो आणि पॅनवर जमा दिसतो. हा भेद ध्यानी आला की पुढील सर्व उलगडते.

भरणा पूर्वी बँकेच्या खिडकीवर कागदी चलनाने होई. आता आयकर खात्याच्या संकेतस्थळावर ‘ई-पे टॅक्स’ या सोयीने तो करता येतो. कचेरीतील लिपिक टॅन घालतो, भ्रमणध्वनीवर आलेला सांकेतिक अंक देतो, कराचे वर्ष व देण्याचा प्रकार निवडतो आणि कर, उपकर, व्याज असे रकाने भरतो. मग चलनास एक संदर्भ क्रमांक मिळतो. तो पंधरा दिवस चालतो. परंतु क्रमांक मिळाला म्हणजे पैसे भरले गेले असे मुळीच नाही, आणि फसगत नेमकी येथेच होते. रक्कम नेट बँकिंगने भरावी. खाते खात्याच्या यादीबाहेरील बँकेत असल्यास आरटीजीएस वा एनईएफटीचा मार्ग आहे. रक्कम पोचल्यावर बँकेचा सात अंकी संकेतांक, भरण्याची तारीख व चलनाचा पाच अंकी अनुक्रमांक मिळतो. हीच खरी पावती.

एका महिन्यात कापलेला कर पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरावा लागतो. मार्चच्या कपातीस ३० एप्रिलपर्यंत सवड आहे. उशीर झाल्यास दरमहा दीड टक्का व्याज पडते, तेही कापल्या दिवसापासून, आणि महिन्याचा अंश हा पूर्ण महिना धरून. समजा २५ ऑक्टोबरला २,००,००० रुपये कापले व ते ७ ऐवजी ८ नोव्हेंबरला भरले. उशीर एका दिवसाचा. पण खात्याच्या संगणकी हिशेबात ऑक्टोबर व नोव्हेंबर असे दोन महिने धरले जातात, आणि व्याज ६,००० रुपये होते. सातवीच्या वर्गास शेकडेवारी शिकविताना हे उदाहरण घालण्याजोगे आहे. मुले प्रथम १४ दिवसांचे व्याज काढतील, आणि नियम वाचून उदाहरण सोडविणे म्हणजे काय ते त्यांना तेथे कळेल. हे व्याज कर कापणाऱ्याने सोसावयाचे असते, शिक्षकाने नव्हे.

ग्रामपंचायतीसही हाच नियम आहे. व्यक्तिगत कंत्राटदाराचे ४०,००० रुपयांचे बिल देताना १ टक्का, म्हणजे ४०० रुपये कापले जातात. एकच बिल ३०,००० च्या आत असून वर्षाची बेरीज १,००,००० च्या आत राहिली, तर कपात नाही.

तिसरे काम कळविण्याचे. भरलेली रक्कम कोणकोणत्या पॅनची, हे दर तिमाहीस विवरणपत्राने कळवावे लागते. पहिल्या तीन तिमाहींची मुदत ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर व ३१ जानेवारी, आणि शेवटच्या तिमाहीची ३१ मे. विवरणपत्र लांबले तर दर दिवशी २०० रुपये शुल्क पडते. मात्र ते कराच्या रकमेपलीकडे जात नाही. पॅनमधील एक अक्षर चुकले, तर कर भरूनही शिक्षकाची बाजू कोरी राहते. म्हणून शिक्षकाने स्वतः आयकराच्या संकेतस्थळावर आपल्या नावची करजमा पाहावी व ती पगारपत्रकांशी ताडावी. ऑक्टोबरअखेरच्या विवरणपत्रानंतर एकदा पाहिले, तर चूक वर्ष संपण्यापूर्वीच हाती लागते. जूनमध्ये पाहणाऱ्याची विवरण भरण्याच्या वेळी धावपळ होते.

फरक आढळल्यास तालुक्याच्या कचेरीस लेखी अर्ज देऊन चलनाचा तपशील मागावा आणि दुरुस्तीचे विवरणपत्र भरण्याची विनंती करावी. कर कापला गेला, पण भरलाच गेला नाही, असे घडले तरी शिक्षक निराधार नाही. कापलेल्या रकमेपुरता कर नोकरदाराकडून पुन्हा मागता येत नाही, असे १९६१ च्या कायद्याचे कलम २०५ सांगत होते. त्याच्या आधारे २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका नोकरदाराविरुद्धची वसुली रोखली. मालकाने त्याचा कर कापून सरकारात भरला नव्हता. नव्या कायद्यातही ही तरतूद ठेवलेली आहे. मात्र कपात झाल्याचा पुरावा नोकरदारानेच दाखवावा लागतो. त्यासाठी बारा महिन्यांची पगारपत्रके आणि १५ जूनपर्यंत मिळावयाचा वार्षिक दाखला, ज्यास शिक्षकवर्ग फॉर्म सोळा म्हणत आला, हे कागद एका ठिकाणी बांधून ठेवावेत.