कसोटीचा दगड

(क्रिकेटमध्ये नव्याने पुढे आलेल्या देशांना कसोटी सामने खेळू द्यावेत की नाही, हा वाद फार जुना आहे. या पाठात लेखकाने आपल्याच देशाच्या इतिहासाच्या आधारे त्या वादाचा विचार केला आहे.)

सोनाराच्या दुकानात काळ्या रंगाचा एक गुळगुळीत दगड असतो. सोने त्यावर घासतात आणि उमटलेली रेघ पाहून ते किती खरे, किती खोटे हे ठरवतात. या दगडाला कसोटी म्हणतात. उर्दूतही आपण ‘कसौटी’ हाच शब्द वापरतो. पाच दिवसांच्या क्रिकेट सामन्याला मराठीत ‘कसोटी सामना’ हे नाव मिळाले ते या दगडावरून. संघाचा कस पाहणारा तो कसोटी सामना.

पुरुषांच्या क्रिकेटमध्ये हा सामना खेळण्याचा मान आज फक्त बारा देशांना आहे. अफगाणिस्तान आणि आयर्लंड हे त्यांतील सर्वांत नवे. त्यांना हा दर्जा 2017 मध्ये मिळाला. अफगाणिस्तानचा पहिला कसोटी सामना जून 2018 मध्ये बंगळूर येथे भारताशी झाला. भारताने 474 धावा केल्या. अफगाणिस्तानचा पहिला डाव 109 धावांत संपला आणि दुसरा 103 धावांत. दोन्ही डाव एकाच दिवशी गुंडाळले गेले. पाच दिवसांचा सामना दोन दिवसांत आटोपला. भारताचा कर्णधार त्या वेळी डोंबिवलीत लहानाचा मोठा झालेला अजिंक्य रहाणे होता. करंडक घेताना त्याने अफगाणिस्तानच्या खेळाडूंनाही छायाचित्रासाठी बोलावून घेतले. त्याचे कौतुक झाले. पण अनेक जाणकारांनी नाक मुरडले. “ज्यांना दोन दिवस टिकता येत नाही, त्यांना कसोटीचा दर्जा कशाला?” असे ते म्हणू लागले.

हा प्रश्न सोपा वाटतो, पण तसा तो नाही. उत्तर देण्यापूर्वी आपण आपल्याच घरात डोकावून पाहू.

भारतात क्रिकेट रुजले ते मुंबईच्या मैदानांवर. 1886 मध्ये मुंबईच्या पारशी खेळाडूंचा संघ इंग्लंडला गेला आणि बहुतेक सामने हरून परत आला. पण चारच वर्षांनी, 1890 मध्ये, याच पारशांनी इंग्लंडहून आलेल्या व्हर्नन यांच्या संघाला मुंबईत हरवले. पुढे 1926 च्या डिसेंबरमध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर सी. के. नायडू यांनी इंग्लंडच्या पाहुण्या संघाविरुद्ध 153 धावा फटकावल्या. त्यांत 11 षटकार होते! या देशातले खेळाडू कसोटी खेळू शकतील, असे इंग्रजांना वाटू लागले ते अशा खेळामुळे. 1928 मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि जून 1932 मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर भारत पहिला कसोटी सामना खेळला. नायडूच कर्णधार होते.

त्या सामन्याची सुरुवात मोठी झोकदार झाली. महंमद निसार यांच्या वेगापुढे इंग्लंडची अवस्था 3 बाद 19 झाली. निसार यांनी त्या डावात पाच बळी घेतले. नंतर अमरसिंग यांनी अर्धशतक काढले. ते भारताचे पहिले कसोटी अर्धशतक. तरीही आपण 158 धावांनी हरलो.

पुढच्या वर्षी, डिसेंबर 1933 मध्ये, भारतातील पहिला कसोटी सामना पुन्हा बॉम्बे जिमखान्यावरच झाला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून चर्चगेटकडे चालत जाताना आझाद मैदानाच्या टोकाला ही जागा लागते. इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन हा मुंबईतच जन्मलेला, ही एक गंमतच. लाला अमरनाथ यांनी पहिल्याच कसोटीत 118 धावा केल्या. लोक बेभान झाले. काही स्त्रियांनी अंगावरचे दागिने काढून त्यांना दिले, असे सांगतात. सामना मात्र आपण नऊ गडी राखून हरलो.

आता पुढचा हिशेब पाहा. 1932 पासून भारताने 24 कसोटी सामने खेळले. त्यांतले 12 हरले आणि 12 अनिर्णित राहिले. विजय एकही नाही. मध्ये, बऱ्याच अंशी महायुद्धामुळे, दहा वर्षे सामनेच झाले नाहीत, हे खरे. पण बंगळूरच्या सामन्यावर नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा वाचावा. फेब्रुवारी 1949 मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर विजय अगदी दाराशी आला होता. वेस्ट इंडीजविरुद्ध 361 धावा हव्या होत्या. विजय हजारे यांनी शतक ठोकले. भारताच्या 8 बाद 355 धावा झाल्या असताना, वेळ थोडा शिल्लक असूनही, पंचांनी खेळ थांबवला. सहा धावा राहून गेल्या.

अखेर 10 फेब्रुवारी 1952 रोजी मद्रासला भारताने इंग्लंडला एक डाव आणि 8 धावांनी हरवले. विनू मंकड यांनी सामन्यात 12 बळी घेतले. मुंबईचे पॉली उमरीगर 130 धावा करून नाबाद राहिले. कर्णधार होते सांगलीत जन्मलेले विजय हजारे. पहिल्या विजयासाठी भारताला वीस वर्षे आणि पंचवीस सामने लागले.

विजय मिळाला म्हणजे संघ पक्का झाला असेही नाही. त्याच वर्षी जूनमध्ये लीड्स येथे दुसऱ्या डावात भारताची अवस्था 4 बाद 0 अशी झाली. छापताना चूक झालेली नाही. धावफलकावर खरोखरच शून्य धावा आणि चार बळी होते! नंतर मँचेस्टरला आपण एकाच दिवसात दोनदा सर्वबाद झालो, एकदा 58 धावांत आणि एकदा 82 धावांत. हेच बंगळूरला अफगाणिस्तानचे झाले. फरक एवढाच, की 1952 मध्ये भारताचा दर्जा काढून घेतला गेला नाही.

मग भारत सावरला कसा? त्याच वर्षी जुलैमध्ये पाकिस्तानला कसोटी दर्जा मिळाला आणि ऑक्टोबरमध्ये तो नवा संघ भारतात आला. दिल्लीला आपण जिंकलो. लखनौला मात्र फझल महमूद यांनी 12 बळी घेतले आणि पाकिस्तानने आपल्या केवळ दुसऱ्याच कसोटीत आपल्याला हरवले. मुंबईच्या ब्रेबॉर्नवर भारताने दहा गडी राखून विजय मिळवला आणि ती मालिका 2-1 अशी जिंकली. भारताने जिंकलेली ही पहिली कसोटी मालिका. म्हणजे नवा संघ आला, त्याचा फायदा त्याला झाला आणि जुन्यालाही झाला. नवख्यांना नवख्यांशी खेळायला मिळणे ही मोठी शाळा असते. नेहमी बलवान संघाकडून मार खाऊन कोणी फलंदाजी शिकत नाही.

न्यूझीलंडची गोष्ट तर आपल्याहून कठीण आहे. ते 1930 मध्ये पहिला कसोटी सामना खेळले. 1955 मध्ये इंग्लंडने त्यांना अवघ्या 26 धावांत गुंडाळले. त्यांना पहिला विजय मिळायला 1956 साल उजाडले. सव्वीस वर्षे! आणि हाच न्यूझीलंड 2024 मध्ये भारतात आला आणि तिन्ही कसोटी सामने जिंकून गेला. तिसरा सामना आपल्या वानखेडे स्टेडियमवर झाला. त्यात न्यूझीलंडच्या एजाझ पटेलने 11 बळी घेतले. हा एजाझ मुंबईतच जन्मला आणि लहानपणी आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला. 2021 मध्ये याच वानखेडेवर त्याने भारताच्या एका डावातील दहाच्या दहा बळी घेतले होते. 1955 नंतर न्यूझीलंडला घरी बसवले असते, तर हे काहीच घडले नसते.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. बांगलादेशाला 2000 मध्ये दर्जा मिळाला. ढाक्याला भारताविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात अमिनुल इस्लामने 145 धावा केल्या. पण पहिला विजय मिळाला 2005 मध्ये, पस्तिसाव्या सामन्यात. मधले अनेक पराभव पाहवत नव्हते. झिंबाब्वेने तर चांगली सुरुवात करून नंतर इतकी घसरण पाहिली की 2006 पासून काही वर्षे ते कसोटी खेळलेच नाहीत. पाच दिवसांच्या सामन्याला खर्चही फार येतो. लहान मंडळांना तो झेपत नाही. हे सर्व मान्य. तरी बांगलादेशाने 2022 मध्ये न्यूझीलंडमध्ये जाऊन न्यूझीलंडला हरवले आणि 2024 मध्ये पाकिस्तानात जाऊन दोन्ही सामने जिंकले, हेही त्याच हिशेबात मांडले पाहिजे.

राहिली एकतर्फी सामन्यांची तक्रार. आपल्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर डिसेंबर 2023 मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्या महिला संघांचा कसोटी सामना झाला. तुमच्यापैकी काही जण कदाचित तो पाहायला गेलेही असतील. भारताने पहिल्याच दिवशी 400 चा टप्पा ओलांडला. दीप्ती शर्माने इंग्लंडच्या पहिल्या डावात केवळ 7 धावा देऊन 5 बळी टिपले. इंग्लंडचे डाव 136 आणि 131 धावांत संपले. चार दिवसांचा सामना तिसऱ्याच दिवशी संपला आणि भारत 347 धावांनी जिंकला. महिलांच्या कसोटीत धावांच्या हिशेबाने एवढा मोठा विजय पूर्वी कोणी मिळवला नव्हता. आता इंग्लंडच्या महिला 1934 पासून कसोटी खेळत आहेत. त्यांचा दर्जा काढून घ्या, असे कोणी म्हणाले का? नाही. मोठ्या घरचा मुलगा नापास झाला तर पेपर अवघड होता आणि गरिबाचा झाला तर त्याला अक्कलच नाही, असा हा न्याय आहे.

उलट बाजूने केनियाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. 1998 मध्ये केनियाने ग्वाल्हेरला एकदिवसीय सामन्यात भारताला हरवले. 2003 च्या विश्वचषकात तो संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. न्यूझीलंडने नैरोबीला खेळायला नकार दिल्यामुळे त्यांना काही गुण फुकट मिळाले होते, हे खरे; पण श्रीलंकेला त्यांनी मैदानावर हरवले होते. त्यांना कसोटी दर्जा मिळाला नाही. मोठे संघ त्यांच्याशी फारसे खेळलेही नाहीत. त्यांच्या मंडळात आपसांतील भांडणे होती, तीही नडली. 2014 मध्ये त्यांचा एकदिवसीय सामन्यांचा दर्जाही गेला.

माझ्या मते, दर्जा द्यावा की नाही या वादात आपण खरा प्रश्न विसरतो. आयर्लंडला आणि अफगाणिस्तानला दर्जा मिळाला, पण सामने मिळाले नाहीत. 2018 पासून त्यांना वर्षाला सरासरी दोनसुद्धा कसोटी सामने खेळायला मिळालेले नाहीत. 2019 मध्ये सुरू झालेल्या जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेत नऊच संघ घेतले गेले. हे दोन देश आणि झिंबाब्वे 2025-27 च्या पर्वातही बाहेरच आहेत. मेजवानीला बोलवायचे आणि ताट वाढायचे नाही, असा हा प्रकार झाला. तरीही अफगाणिस्तानने दुसऱ्याच कसोटीत, मार्च 2019 मध्ये डेहराडूनला, आयर्लंडला हरवले. आयर्लंडने त्याच वर्षी लॉर्ड्सवर इंग्लंडचा पहिला डाव 85 धावांत संपवला; मग स्वतः दुसऱ्या डावात 38 धावांत बाद झाले. पहिला विजय त्यांना 2024 मध्ये, आठव्या सामन्यात मिळाला. आपल्याला पंचवीस सामने लागले होते, हे विसरू नये.

मात्र अफगाणिस्तानच्या बाबतीत एक गोष्ट मला खटकते आणि ती धावांची नाही. पूर्ण सदस्य देशाने महिलांचे क्रिकेटही चालवावे, अशी अपेक्षा असते. 2020 मध्ये त्यांच्या मंडळाने 25 महिला खेळाडूंशी करार केले होते. 2021 मध्ये सत्ता बदलली आणि मुलींचे खेळणे बंद झाले. यात रशीद खान किंवा त्याच्या सहकाऱ्यांचा दोष नाही आणि त्यांचा दर्जा काढून घेतल्याने मुलींना बॅट परत मिळेल असेही नाही. पण दर्जाबरोबर जो पैसा जातो, त्यातला वाटा या मुलींपर्यंत पोहोचलाच पाहिजे, एवढा आग्रह धरता येतो. त्यांतील अनेक जणी ऑस्ट्रेलियात आश्रयाला गेल्या. 30 जानेवारी 2025 रोजी मेलबर्नच्या जंक्शन ओव्हल मैदानावर त्या पुन्हा एक संघ म्हणून उतरल्या. तो एक साधा प्रदर्शनीय सामना होता आणि त्यांच्या देशाच्या मंडळाने तो संघ पाठवलेला नव्हता.

शब्दार्थ

कस – गुणवत्ता, खरेपणा
नाक मुरडणे – नापसंती दाखवणे
अनिर्णित – हार-जीत न झालेला
नवखा – नवीन, अनुभव नसलेला
खटकणे – मनाला न पटणे

स्वाध्याय

1. पहिल्या विजयापूर्वी भारताने किती कसोटी सामने खेळले? त्यांचे निकाल काय लागले?
2. ‘नवा संघ आला, त्याचा फायदा जुन्यालाही झाला’ असे लेखक कोणत्या मालिकेबद्दल म्हणतो?
3. नेरुळच्या सामन्याचे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले आहे?
4. केनियाच्या घसरणीची पाठात आलेली कारणे सांगा. तुम्हाला कोणते कारण अधिक महत्त्वाचे वाटते?
5. लेखकाचे मत तुम्हाला पटत नसेल, तर विरोधी बाजू आठ-दहा ओळींत लिहा.
6. ‘कसोटी’सारखे मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द शोधा व वाक्यांत उपयोग करा.