40 हजारांत लॅपटॉप : साहित्याच्या विद्यार्थ्यांनी काय बघावं?

वाङ्मय मंडळाच्या मुलांना तांत्रिक लेख वाचायला लावणं म्हणजे जरा धाडसच. पण प्रोजेक्ट सगळ्यांनाच टाईप करून द्यावा लागतो, आणि आपल्यातले कितीतरी जण अजून मोबाईलवर अंगठ्याने निबंध लिहितात. म्हणून हा लेख.

माझं बजेट होतं 40 हजार. मम्मीची भिशी लागली, त्यातून ते आले, आणि पुढची भिशी लागेपर्यंत घरातून दुसरे पैसे निघणार नव्हते. लॅपटॉप वापरणार मी आणि धाकटी बहीण, दोघी. तो निदान पाच वर्षं टिकायला हवा, हा हिशेब.

पहिलं काम दुकानात नाही, घरी वहीत करायचं : आपण त्यावर नक्की काय करणार ते लिहून काढायचं. माझी यादी अशी : मराठी, इंग्रजी आणि थोडं कन्नड टायपिंग (बेळगावात राहून दुसरं काय होणार!), स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ, ब्राउझरमध्ये पंधरा टॅब, आणि ई-अंकाची मांडणी. बहीण बी.कॉम.ला, तिला टॅली हवं. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे, त्यामुळे क्रोमबुक तिथेच बाद. एकट्या माझ्यासाठी असता तर मी त्याचा नक्की विचार केला असता. गेमिंगचा लॅपटॉप मात्र कुणी कितीही भरीस घातलं तरी आपल्याला नको. तो जड, बॅटरी लवकर संपणारी, आणि त्याच्या ग्राफिक्स कार्डाचा कादंबरी वाचायला काडीचा उपयोग नाही.

आता प्रोसेसर. ‘आय-5 आहे’ एवढं ऐकून मान डोलावू नका. आय-5 हे नुसतं आडनाव. वय पुढच्या आकड्यात असतं. आय-5 7200यू हा सातव्या पिढीचा, आय-5 1235यू हा बाराव्या. दोन्हींवर स्टिकर आय-5चाच! शेवटचा ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारा, ‘एच’ म्हणजे जोरदार पण जास्त तापणारा. एएमडीच्या रायझनमध्ये गंमत आणखी मोठी. त्यांच्या 7000 मालिकेत तिसरा आकडा बघायचा. 7520यू मध्ये तो 2 आहे, म्हणजे आतली रचना झेन 2, 2019 सालची. 7530यू मध्ये 3, म्हणजे झेन 3. नावात फरक दहाचा, कामात चांगलाच.

रॅम 8 जीबीपेक्षा कमी नको. आणि ती पुढे वाढवता येते का, हे विचारलंच पाहिजे, कारण काही लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच पक्की बसवलेली असते. साठवणीसाठी 512 जीबी एसएसडी पुरते. अगदी स्वस्त लॅपटॉपवर ‘ईएमएमसी’ लिहिलेलं दिसलं तर पुढे चला. ते एसएसडीच्या मानाने फार हळू चालतं.

स्क्रीनवर मात्र कंजूषपणा करू नका. इंग्रजी अक्षराच्या वरखाली फारसं काही नसतं. आपल्याकडे वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. 15.6 इंची स्क्रीनवर 1366×768 असेल तर एका इंचात साधारण 100 ठिपके बसतात, 1920×1080 असेल तर 141. पहिल्यावर बारीक टाईपमधलं ‘द्ध्य’ आणि ‘द्व्य’ यात डोळे ताणावे लागतात. दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर एक मराठी पीडीएफ घेऊन जा आणि तीच उघडायला सांगा. बाजूनेही बघा. आयपीएस पॅनेल असेल तर रंग बदलत नाहीत. दोघींनी मिळून वाचायचं तर हे लागतंच.

मराठी टायपिंगसाठी वेगळा लॅपटॉप लागत नाही. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आणि उच्चाराप्रमाणे लिहायचा, असे दोन्ही कीबोर्ड आहेत, फुकट. मी इनस्क्रिप्ट शिकले, कारण त्यात मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ एकाच कळीवर असतो. एक शिकलं की दुसरी लिपी निम्मी आलीच. आणि कृपा करून लेख युनिकोडमध्येच द्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरांचा काला होऊन उघडतो, आणि तो निस्तरायला संपादकांना रात्री जागाव्या लागतात.

जुना लॅपटॉप वाईट नसतो. पण विंडोज 10ची नियमित सुरक्षा-अपडेट 14 ऑक्टोबर 2025ला बंद झाली, आणि विंडोज 11 इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. म्हणून फार स्वस्तात मिळणारा सहाव्या-सातव्या पिढीचा लॅपटॉप टॅलीसाठी घेऊ नका. लिनक्स टाकून नुसतं लिहायचं असेल तर चालेल.

बॅटरीचा हिशेब सोपा : वॉट-तास भागिले खर्च. 42 वॉट-तासांची बॅटरी आणि लिहिताना 8 वॉट खर्च, म्हणजे पाच तास. पावसाळ्यात लाईट गेल्यावर हाच आकडा कामाला येतो.

‘नो कॉस्ट’ हप्त्याआधी रोख किंमत विचारा. बऱ्याचदा रोखीची सूट तिथे मिळत नाही, तेच व्याज. ऑफिस कायमचं आहे की महिन्याभराचं, तेही विचारा. नसेल तर लिब्रेऑफिस फुकट आहे. बिलावर सीरियल नंबर हवाच.

शेवटी आम्ही 14 इंची, 7530यूचा, 8 जीबी रॅमचा आणि एक खाच रिकामी असलेला घेतला. 37 हजार 500 लागले. उरलेल्यातून बॅग आणि कीबोर्डवर चिकटवायचे मराठी स्टिकर आणले. दुसरी 8 जीबी रॅम पुढच्या भिशीला.