पितळी स्टोव्हच्या जीर्णोद्धाराविषयी

चि. सुमेधा,

तुझे पत्र पावले. आजीचा पितळी स्टोव्ह तू माळ्यावरून खाली काढलास, तो घासूनपुसून दिवाणखान्यात मांडावा ही घरातील मंडळींची सूचना बाजूस सारलीस आणि त्यावर निदान एकदा तरी चहाचे आधण ठेवायचेच असा हेका धरलास, हे वाचून समाधान वाटले. परंतु ज्या अर्थी तू माझा सल्ला मागितला आहेस, त्या अर्थी पहिली ताकीद हीच की चिंच आणि रांगोळी तूर्त दूर ठेव. झळाळी हे या कामातले अखेरचे कलम आहे. पुष्कळ हौशी माणसे तिथूनच आरंभ करतात आणि तिथेच थांबतात. शिवाय टाकीवर उमटवलेली कारखान्याची मुद्रा अशा घासण्याने एकदा पुसट झाली, की ती पुन्हा आणता येत नाही.

ज्या यंत्रास हात घालायचा त्याचा स्वभाव आधी जाणून घ्यावा. स्टॉकहोम येथील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या कारागिराने १८९२ साली हा बिनवातीचा स्टोव्ह सिद्ध केला, आणि त्याचे प्रायमस हे नाव पुढे इतके रूढ झाले की स्टोव्ह कोणत्याही कारखान्याचा असो, आपल्याकडे त्यास प्रायमसच म्हणत. १९११ साली दक्षिण ध्रुव गाठणाऱ्या आमुंडसेनच्या तुकडीपाशी बर्फ वितळविण्यास हाच होता, आणि चाळीतल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात चुलीच्या धुरातून गृहिणीची सुटका केली तीही यानेच. पंपाने टाकीत हवा कोंडली की ती रॉकेलास मधल्या नळीतून वर रेटते. ते तापलेल्या बर्नरच्या वळणांत शिरून वायुरूप होते, निपलच्या सूक्ष्म छिद्रातून वेगाने बाहेर पडताना भोवतालची हवा ओढून घेते आणि निळ्या ज्योतीने जळते. कोंडलेली हवा, तापलेला बर्नर आणि स्वच्छ छिद्र या तिघांपैकी कोणी कसूर केली एवढाच निवाडा तुला करावयाचा आहे.

आरंभ पंपापासून कर. पंपाचे टोपण फिरवून दांडा बाहेर ओढलास की त्याच्या टोकाशी चामड्याचे वाटीसारखे वायसर दिसेल. इतक्या वर्षांत ते वाळून आक्रसले असणार, आणि पंप मारताना हाताला काहीच जोर लागत नाही या तक्रारीचे मूळ बहुधा तेच असते. ते फेकून देण्याची घाई करू नकोस. रात्रभर तेलात भिजत ठेव, सकाळी बोटांनी त्याची कड हळूहळू बाहेर फाकव, आणि वाटीचे तोंड टाकीच्या दिशेस राहील असे पाहून दांडा परत घाल. चामडे नळीच्या भिंतीस बिलगले की पंपाला पहिल्यासारखा दम येतो. पंप मारून सोडल्यावर दांडा आपोआप वर सरकू लागला किंवा पंपाच्या नळीत रॉकेल आले, तर मात्र तळाशी असलेली झडप गळते आहे असे समज. ती झडप काढण्यास लांब दांड्याचा विशेष पाना लागतो. पक्कडीने खटाटोप केलास तर तिचे आटे जातील, आणि आटे गेलेल्या झडपेस दुरुस्ती नाही. सबब हे काम जाणत्या कारागिराकडेच सोपव.

नंतर टाकीची खातरजमा. रॉकेल घालण्यापूर्वी बर्नरची वाट बंद करून थोडी हवा भर आणि टाकी पाण्याच्या घंगाळात बुडव. टोपणाशी बुडबुडे आले तर नवे वायसर बसविल्याने भागेल. पायांच्या सांध्याशी अथवा टाकीच्या अंगावर आले, तर डाग देऊन वेळ मारून नेण्याच्या भरीस पडू नये. अशा स्टोव्हास दिवाणखानाच योग्य. तेव्हा घरच्यांची सूचना निमूटपणे मान्य कर.

बर्नरच्या वळणांत साचलेली काजळी काढण्यास जुने कारागीर तो लाल होईतो तापवून पाण्यात टाकीत. उपाय गुणकारी खरा, पण वारंवार केल्यास पितळ खचते. निपलच्या बाबतीत एवढेच सांगतो की पिन सरळ धरून हलकेच घालावी. रेटारेटीने छिद्र रुंदावले की रॉकेल गरजेपेक्षा अधिक येते, ज्योत पिवळी पडते आणि भांड्यांचे बूड काळे होते.

आता भीतीची गोष्ट, कारण तुझ्या आईने पत्राच्या शेवटी तीच लिहिली आहे. स्टोव्हच्या भडक्याने विवाहितेचा मृत्यू, ही बातमी एके काळी वर्तमानपत्रांतून नित्य येत असे. अर्धवट तापलेल्या बर्नरवर पंप मारल्याने द्रव रॉकेल उसळून पदर पेटल्याची उदाहरणे खरोखरच घडली. पण हुंड्यापायी जाळलेल्या कित्येक मुलींच्या पंचनाम्यातही हाच निर्जीव जिन्नस आरोपी म्हणून उभा करण्यात आला. १९८३ साली दंडविधानात ४९८ अ हे कलम आले आणि १९८६ साली हुंडाबळीचे ३०४ ब, त्यामागे अशाच मृत्यूंचा आक्रोश होता. आपल्या पिढीजात स्वयंपाकघराची आठवण काढताना हेही तू विसरू नयेस अशी माझी इच्छा आहे. स्टोव्हच्या अंगचा जो धोका आहे त्याचा बंदोबस्त मात्र सोपा आहे: टाकी पाऊण भागच भरावी, पेट्रोलचा थेंबही घालू नये, बर्नर तापविण्यास लावलेला काकडा पुरता जळून बर्नर नीट तापेतो पंपास हात लावू नये, आणि ज्योत पिवळी होऊन उसळली तर फुंकर न घालता हवेची चावी तत्काळ सैल करावी. तापविण्याच्या कामी घाई करणाऱ्याने या स्टोव्हच्या वाटेस जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बर्नर व नळी यांच्यामधले शिशाचे वायसर एकदा दबले की पुन्हा भरवशाचे राहत नाही. नवे वायसर आणि पिना मी बोहरी आळीत पाहतो. मिळताच पोस्टाने रवाना करीन. ते हाती येईतो स्टोव्ह पेटवू नकोस, आणि पहिल्या खेपेस पेटवशील तो अंगणात, सुती कपडे घालून आणि जवळ वाळूची बादली ठेवून. आईस नमस्कार सांग.

तुझा,
मामा