तारेवाचून टेबलफोन : एका खोलीच्या निमित्ताने

आपल्या मंडळाची खोली कुठे आहे ते नव्या सभासदांनासुद्धा आता पाठ झालं असेल. मुख्य इमारतीमागे, फरसबंद अंगणापलीकडे, चिरेबंदी भिंतींची जुनी बैठी खोली. आत शिरलं की मोबाइलची रेंज जाते. मागच्या पावसाळ्यात काव्यवाचन चालू असताना एका विद्यार्थिनीला भोवळ आली. कुणाचाच फोन लागेना. शेवटी एक जण भर पावसात ऑफिसपर्यंत धावत गेला. मुलगी सावरली, पण त्या संध्याकाळनंतर खोलीत टेबलफोन हवाच असं ठरलं.

हवा म्हणणं सोपं. ऑफिसमधले फोन इंटरनेट केबलवर चालणारे, म्हणजे आयपी फोन. अंतर साठेक मीटर. नेटवर्कची तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे अंतराची अडचण नव्हती. पण फरशी उखडायची परवानगी नाही आणि खालून जुनं गटार जातं. वरून केबल ओढली तर विजांच्या दिवसांत तिच्यातून झटका येऊन दोन्हीकडची यंत्रं जळण्याची भीती. मग उरला बिनतारी मार्ग. तो जमवताना जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो. अशी अडचण इतरांनाही येऊ शकते.

फोन नेमकं काय पाठवतो?

आयपी फोन हा एक छोटा संगणकच. जी.७११ या नेहमीच्या पद्धतीत तो आपल्या आवाजाचे सेकंदाला ५० तुकडे करतो. प्रत्येक तुकडा २० मिलिसेकंदांचा, १६० बाइटचा. त्यावर पत्ता वगैरे लिहिलेलं ४० बाइटचं पाकीट चढतं. हिशेब करा : २०० बाइट, गुणिले ५०, गुणिले ८. म्हणजे एका दिशेला ८० किलोबिट. आजच्या वायफायला हे काहीच नाही.

मग अडतं कुठे? वेळेवर. व्हिडिओ दोन सेकंद थांबला तरी चालतं, बोलणं थांबून चालत नाही. एका बाजूचा आवाज दुसरीकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, असा सर्वमान्य दंडक आहे. शिवाय वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, अगदी आपल्या काव्यवाचनासारखं. गर्दी झाली की तुकडे रखडतात, काही हरवतात आणि आवाज तुटतो.

केबल दोन कामं करते

हा मुद्दा आम्ही पहिल्यांदा विसरलो. ऑफिसच्या फोनला वेगळी वीज लागत नाही, कारण ती नेटवर्कच्या केबलमधूनच येते. या पद्धतीचं मानक २००३ साली ठरलं. केबल गेली की संदेशही गेला आणि वीजही गेली. त्यामुळे फोनला अ‍ॅडॅप्टर लागतो, आणि तो पुष्कळदा डब्यात नसतो. विकत घेताना फोनच्या पाठीवर लिहिलेले व्होल्ट बघा. पिन बसली म्हणून अ‍ॅडॅप्टर चालेलच असं नाही.

तीन वाटा

१. फोनमध्येच वायफाय असणं. काही मॉडेलांत ते आतच असतं, काहींना यूएसबी डाँगल लागतो. पण डाँगल कुठलाही चालत नाही, त्या मॉडेलला मान्य असलेलाच हवा.

२. ब्रिज. लहानसा डबा वायफाय पकडतो आणि त्याच्या पोर्टमधून वीतभर केबल फोनला जाते. फोनला वाटतं आपण तारेवरच आहोत. काही स्वस्त राउटरांत हीच सोय ‘क्लायंट मोड’ नावाने असते.

३. समोरासमोर दोन डबे. दोन इमारतींवर एकमेकांकडे तोंड करून बसवलेले, एकाच दिशेला लहरी फेकणारे. पलीकडे केबलमधून वीज देणारा छोटा स्विच ठेवला तर अनेक फोन जोडता येतात आणि वेगळे अ‍ॅडॅप्टरही लागत नाहीत.

आम्ही आधी दुसरी वाट धरली. ऑफिसचं वायफाय चिऱ्याच्या भिंतीपाशीच दम सोडत होतं. मधे रिपीटर लावला. पण साधा रिपीटर प्रत्येक तुकडा त्याच चॅनेलवर ऐकून परत सांगतो, म्हणून वेग जवळजवळ निम्मा होतो. शेवटी तिसरी वाट घेतली. एक डबा ऑफिसच्या खिडकीत, दुसरा खोलीच्या खिडकीत, दोन्ही लोखंडी गजांपासून दूर. आंब्याचं झाड रेषेत येणार नाही अशी जागा निवडली, कारण ओली पानं लहरी शोषतात.

लावताना काय पाहावं

• ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण भिंत भेदायची ताकदही कमी. समोर मोकळी जागा असेल तर तोच पट्टा घ्या. २.४ वरच राहायचं असेल तर १, ६ किंवा ११ हेच चॅनेल निवडा.

• आवाजाला प्राधान्य द्यायची ‘डब्ल्यूएमएम’ ही सोय चालू ठेवा.

• कॉलेजच्या वायफायला ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान येतं. फोन ते पान भरू शकत नाही. त्याच्यासाठी वेगळं, पासवर्ड असलेलं नेटवर्क मागून घ्या.

• चाचणी रविवारी घेऊ नका. मधल्या सुट्टीत, सगळे मोबाइल चालू असताना, दहा मिनिटं बोलून बघा.

लाइट गेली तर?

खरी परीक्षा इथे होते. फोन, दोन्ही डबे, ऑफिसचा स्विच आणि राउटर यांतलं एक जरी बंद पडलं तरी फोन मुका. म्हणून सगळ्यांना यूपीएस हवा. आमच्या पहिल्या चाचणीत खोलीतला फोन दिमाखात चालू होता, पण ऑफिसकडचा डबा साध्या प्लगवर. लाइट गेली आणि हातात नुसता रिसीव्हर राहिला! दुसऱ्याच दिवशी तो प्लग बदलला.

या फोनवरून बाहेर ११२ लागतो का, आधी शून्य दाबावं लागतं का, हे ऑफिसला विचारून घ्या. आम्ही ते कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवलं आहे. खाली खोलीचा पत्ताही लिहिला आहे, कारण घाबरलेल्या माणसाला तोही आठवत नाही.

स्वाध्याय

१. आपल्या खोलीतून एकाच वेळी तीन जण बोलले तर एका दिशेला किती किलोबिट लागतील?

२. तुमच्या वसतिगृहात रेंज नसलेली जागा कोणती? तिथे वरच्यापैकी कोणती वाट धराल, आणि का?

३. त्या वाटेवर विजेवर चालणारी यंत्रं किती, ते मोजा. त्यांतली यूपीएसवर किती?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर नको, प्रत्यक्ष हिंडून आणा. आम्ही आधी हिंडलो असतो तर तो प्लग पहिल्याच दिवशी सापडला असता.