बोटाची ऊब

मुक्ता : काका, तपकीर गल्लीतून बीसी ५४७ आणून करंट मिरर लावला. पण फोटोडायोडवरचा प्रकाश भराभर उघडमीट केला की आउटपुट मागे रेंगाळतं.

काका : करंट किती?

मुक्ता : १० मायक्रोअँपिअर.

काका : मग २५ मिलिव्होल्टना करंटनं भाग. इनपुट इंपीडन्स अडीच किलोओहम. डायोडची कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड धरली, तर ६४० किलोहर्ट्झलाच दम संपतो.

मुक्ता : मिररमधून आधीच १ मिलिअँपिअर वाहता ठेवला आणि आउटपुटला वजा केला तर?

काका : इंपीडन्स २५ ओहम होईल. पण जोडीत एका टक्क्याचा फरक निघाला, तर चूकच १० मायक्रोअँपिअर! तुझ्या सिग्नलएवढी. आउटपुटच्या ट्रान्झिस्टरवर बोट ठेव. मीटर बघ.

मुक्ता : अगं बाई, चढतोय!

काका : नुसती बोटाची ऊब. अंशामागे दोन मिलिव्होल्ट. तुमच्या सिम्युलेशनमध्ये सगळे ट्रान्झिस्टर जुळे भाऊ! सोल्डरिंग आयर्न न धरता मुलं पदव्या घेतात, जीव तुटतो माझा.

मुक्ता : बेसना करंट पुरवायला तिसरा ट्रान्झिस्टर?

काका : त्यानं बेस करंटची चूक घटते, इंपीडन्स मात्र दुप्पट होतो. विल्सन मिररमध्येही तेच. त्यापेक्षा ऑपअँप घे. त्यानं इनपुटवर लक्ष ठेवायचं, ते हललं की दोन्ही बेस ओढून जागेवर आणायचं. गेन १०० असेल तर अडीच हजारांचे २५ ओहम. व्होल्टेज हललंच नाही, तर कपॅसिटन्स भरायची कशाला?

मुक्ता : पण ऑसिलेट होईल ना?

काका : इनपुट १ व्होल्टवर धर, म्हणजे ट्रान्झिस्टर सॅच्युरेट—

मुक्ता : ते समजलं. ऑसिलेट होईल का?

काका : होऊ शकतं. ट्रान्झिस्टर लूपमध्ये स्वतःचा गेन घालतो, डायोडची कपॅसिटन्स फेज मागे खेचते. म्हणून दोन्ही एमिटरना १० किलोओहम घाल. ट्रान्झिस्टरचा जोर पाचपट उतरेल, बोटाची ऊबही तेवढीच कमी जाणवेल.

मुक्ता : आणि इंपीडन्स?

काका : १२५ ओहम. तोही ऑपअँपचा गेन टिकतो तिथवरच.

मुक्ता : तरीही ऑसिलेट झालं तर?

काका : किती घाबरतेस! स्कोप लाव, आणि त्या डबीतले २२ किलोओहमचे दोन इकडे दे.